तुमच्या गावाचं नाव रेडिओवर पहिल्यांदा कधी ऐकलंत?

पणजी आकाशवाणीचं मूळ 1946 साली पोर्तुगीज अमलात सुरू झालेल्या 'एमिसोरा द गोवा'त आहे. म्हणजे आपला हा रेडिओ ऐंशीच्या घरात आला. वर्धापनाच्या निमित्ताने मला एकच विचारायचं आहे, जे वर शीर्षकात लिहिलंय.

माझं सांगते. आमच्या डिचोलीच्या घरी वाल्व्हचा रेडिओ सोप्यावरच्या फळीवर असायचा. बाबा त्याला कुणाला हात लावू देत नसत. बटण फिरवल्यावर आवाज यायला मिनिटभर लागे आणि तेवढा वेळ घर गप्प बसे. तेव्हा रेडिओ ठेवायला लायसन लागे. दरवर्षी त्याचं पुस्तक घेऊन बाबा पोस्टात जात, ते काम त्यांनी कधी लांबणीवर टाकलं नाही. एका पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'डिचोली' आलं. नदीचं पाणी बाजारात शिरलं होतं. ते आम्ही सकाळीच डोळ्यांनी पाहिलेलं, तरी आई पिठाचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "आमचं नाव घेतलं गो!" एवढंच म्हणाली.

तुम्हीही लिहा. लांबलं तरी चालेल.

मांद्रे, पेडणे

गोव्यात अजून पोर्तुगीज होते, मी तेव्हा चौदा वर्षांचा. गावाचं नाव ऐकायचा प्रश्नच नव्हता, 'गोंय' हा शब्द मोकळ्या आवाजात ऐकला हेच खूप. आमच्याकडे रेडिओ नव्हता, मामांकडे होता. दारं-खिडक्या लावून, आवाज अगदी बारीक करून सगळे कान लावून बसत. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो 25 नोव्हेंबर 1955 पासून गोव्याच्या मुक्तीसाठी सरहद्दीपलीकडच्या रानातून गुप्त केंद्र चालवत होते, कोकणीत आणि पोर्तुगीजमध्ये. आधी आंबोली, मग कॅसलरॉक, हे सगळं मला फार नंतर कळलं. तेव्हा फक्त एका बाईंचा ठाम आवाज माहीत होता.

18 डिसेंबर 1961 ला भारतीय विमानांनी पोर्तुगीजांच्या बांबोळीच्या रेडिओ केंद्रावर हल्ला केला. मामा काटा फिरवत राहिले, नुसती खरखर. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला. ती बातमी लिबियाबाईंनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून सांगितली होती. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाल्याचं नातवाने मोबाईलवर दाखवलं तेव्हा मामांच्या घरची ती बंद दारं डोळ्यांसमोर आली. थोडा वेळ मला बोलता येईना.

आमोणे, निवृत्त बार्ज कामगार

मी लिहिणारा माणूस नाही. मुलीला सांगतोय, ती लिहिते आहे.

बार्जमध्ये, म्हणजे सपाट मालवाहू बोटीत, खनिज भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे न्यायचं, रिकामी बार्ज परत आणायची. पावसाळ्यात आग्वादच्या तोंडाशी समुद्र खवळला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरायचं. केबिन लोखंडी, आत रेडिओ मुका होतो. म्हणून ट्रान्झिस्टर खिडकीबाहेरच्या आकड्याला सुतळीने बांधलेला. मिडियम वेव्हच्या सेटमध्ये एक काळी कांडी असते. तिचं टोक केंद्राकडे आलं की आवाज मरतो, ती आडवी झाली की भरतो. नदी वळली की बार्ज वळायची, आणि बार्जबरोबर निवेदिकेचा आवाज बुडायचा, पुन्हा वर यायचा. दिवाडीच्या वळणावर अर्धी बातमी गेली तर खलाशी सेट हाताने फिरवून धरायचा. काळोखातसुद्धा त्या बुडण्या-निघण्यावरून मला नदी कळायची.

रात्री पणजी केंद्राच्या 1287 किलोहर्ट्झच्या आजूबाजूला कुठलीकुठली केंद्रं घुसत. मिडियम वेव्ह काळोख पडल्यावर लांब जाते, त्यामुळे परक्या भाषा कानावर पडायच्या. समजत काही नसे, पण जागं राहायला सोबत होती. सेल उतरले की दिवसा पत्र्यावर उन्हात ठेवायचे, आणखी दोन रात्री निघत. हवामानाच्या इशाऱ्याची वेळ मात्र कधी चुकवली नाही. त्या दोन वाक्यांवर आमचे जीव होते.

गावाच्या नावाचं विचारलंत. 2012 साली खाणी बंद झाल्याची बातमी मी रेडिओवरच ऐकली. बार्ज धक्क्याला बांधलेली, आम्ही चौघे जेवत होतो. बातमीत गोव्याच्या खाणी म्हणाले, आमोण्याचं नाव नव्हतं. पण कोणी पुढचा घास घेतला नाही. मुलगी विचारते, आणखी काय लिहू. आणखी काही नाही.

खोतीगाव, काणकोण

आमच्याकडे डोंगर आड येतात. एफएम सरळ रेषेत चालते, डोंगर ओलांडत नाही. शहरातले लोक एफएमचा आवाज किती स्वच्छ म्हणून सांगतात, पण आमच्या घरात पोचला तो खरखरणारा मिडियम वेव्हच. बदल मोजताना हेही मोजा.

पणजी, नैमित्तिक निवेदिका होते

आल्तिनो टेकडीची चढण चढून आकाशवाणीत पहिल्या ड्युटीला गेले तेव्हा पोटात गोळा होता. ज्या केंद्रात बा. भ. बोरकरांनी काम केलं तिथे आपण बोलायचं! लाल दिवा लागला आणि माझा घसा सुकला.

पण सांगायचं आहे ते नावांबद्दल. गोव्यात गावांची नावं रोमन लिपीत पोर्तुगीज वळणाने लिहितात. कागदावर तसं लिहून आलं की नवखा माणूस 'सांक्वेलिम' वाचतो, 'बिचोलिम' वाचतो, 'केपेम' वाचतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला वही करायला लावली. साखळी, डिचोली, केपे, पेडणे. शंका आली तर त्या गावच्या माणसाला फोन करून विचारायचं, मगच माइकसमोर बसायचं. ते म्हणत, माणूस आपलं नाव चुकीचं ऐकेल, गावाचं चुकीचं ऐकणार नाही. ती वही अजून माझ्याकडे आहे, दोनशेच्या वर नावं आहेत.

तेव्हा टेप ब्लेडने कापून चिकटवायचो. एक खोकला काढायला दहा मिनिटं जात. आता संगणकावर दोन सेकंदांत निघतो, त्याचं मला जराही दुःख नाही. दुःख एवढंच, की वेळ वाचला तो नावं तपासण्याकडे गेला नाही. आता जाहिरातीत, निवेदनात, कुठेही 'बिचोलिम' ऐकू येतं आणि कोणी दचकतही नाही.

पर्वरी

मी सव्वीस वर्षांचा आहे, थोडं वेगळं म्हणणं मांडतो. घरात रेडिओ सेट मी पाहिलाच नाही. माझा रेडिओ गाडीतला. एफएमवर 98.3, 91.9, कधी आकाशवाणीच्या रेनबोचा 105.4. सकाळी ऑफिसला जाताना पर्वरीचं नाव मी रेडिओवरच ऐकतो, कारण वाहतूक तुंबलेली असते. ते नाव कानावर पडलं की रस्ता बदलतो आणि वेळेवर पोचतो. हीसुद्धा गावाच्या उपयोगाची गोष्ट आहे, ती कमी लेखू नका. पण वरची वहीची गोष्ट वाचून आजीला विचारलं. आमच्या वाड्याची जुनी नावं तिने भराभर सांगितली. त्यातली तीन मला माहीत नव्हती. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलीत.

फोंडा तालुका

माझ्या आईचं महिला भजनी मंडळ. रेकॉर्डिंगला बोलावल्याचं पत्र आलं तेव्हा आजोबांनी नको म्हटलं होतं, आजीने होय म्हटलं. अकरा बायका कदंबा बसने पणजीला गेल्या, पेटी मांडीवर घेऊन. स्टुडिओत भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या, टाळाचा आवाज घुमतच नाही. आई सांगायची, देवळात गाताना आवाज आपल्याकडे परत येतो, तिथे गेला तो गेलाच. पहिला अभंग त्यामुळे डगमगला. दुसऱ्यात त्या सावरल्या.

मानधनाचा चेक आला तो आईच्या नावाचा. तिचं बँकेत खातंच नव्हतं, त्या चेकसाठी उघडलं. रक्कम किती ते ती कधी बोलली नाही, पासबुक मात्र देव्हाऱ्याखालच्या खणात असायचं. प्रसारणाच्या दिवशी अंगणात पन्नासेक माणसं जमली. आधी मंडळाचं नाव, मग गावाचं, मग एकेकीचं. आईचं नाव आलं तेव्हा आजोबा उठून रेडिओजवळ जाऊन उभे राहिले, संपेपर्यंत बसले नाहीत.

शिरोडा, सध्या जहाजावर

मी जहाजावर स्वयंपाकी आहे. गोव्याची माणसं परदेशात शॉर्टवेव्हवर एमिसोरा ऐकायची, हे आजोबांकडून ऐकलेलं. मी बंदरात नेटवर्क मिळालं की न्यूजऑनएअर ॲपवर पणजी लावतो. गेल्या जूनमध्ये बातम्यांत शिरोड्याला झाड पडून वीज गेल्याचं सांगितलं. लगेच घरी फोन लावला, "आई, काळोखात बसलीस ना?"

ती म्हणाली, "तुका कशें कळ्ळें रे?"