घरगुती ग्रो लाइट: वॉट जुळवू नका, करंट जुळवा (आणि सीरिजच करा!)

मल्टिमीटर
एलईडी पट्ट्या आणून रोपांसाठी दिवा बनवणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "शंभर वॉटच्या पट्ट्या आहेत, शंभर वॉटचा ड्रायव्हर चालेल ना?" (ड्रायव्हर म्हणजे मेन्सची वीज एलईडीला हवी तशी करून देणारा डबा.) वॉट हा सगळ्यात शेवटी बघायचा आकडा आहे. आधी करंट, मग व्होल्टेज. ते दोन बसले की वॉट आपोआप बसतात. नुसते वॉट बघून घेतलेला ड्रायव्हर एक तर पट्टी पेटवतच नाही, किंवा नको तेवढी पेटवतो.

मी बोलतोय ते अ‍ॅल्युमिनियमवर बसवायच्या ताठ पट्ट्यांबद्दल, ज्यांच्यावर रेझिस्टर (करंटला आवर घालणारा रोधक) नसतो. समजा डेटाशीटवर ७०० मिलिअ‍ॅम्पियरला २२ व्होल्ट असं लिहिलंय आणि कमाल करंट १४०० आहे. अशा पट्टीला २२ ऐवजी २३ व्होल्ट दिले तर करंट पाच टक्के वाढत नाही, जवळपास दुप्पट होतो. त्यातून पट्टी तापली की तेवढ्याच करंटला व्होल्टेज कमी लागतं. म्हणजे व्होल्टेज बांधून ठेवलं तर पट्टी तापेल तसा करंट चढतो आणि करंट चढेल तशी पट्टी तापते.

म्हणून ड्रायव्हर कॉन्स्टंट करंटचा, म्हणजे करंट ठरलेला ठेवून व्होल्टेज लागेल तसं देणारा, आणि पट्ट्या सीरिजमध्ये. आठ पट्ट्या एकापाठोपाठ जोडल्या तर करंट ७०० च राहतो, व्होल्टेज १७६ होतं, वॉट १२३. आता ७०० मिलिअ‍ॅम्पियरचा असा ड्रायव्हर घ्यायचा की १७६ त्याच्या व्होल्टेजच्या पल्ल्यात, दोन्ही टोकांपासून अंतर राखून बसतील. सगळ्या पट्ट्यांतून तोच करंट जातो, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. एखादा जोड सुटला तर सगळा दिवा विझतो, नुकसान शून्य. नव्याने बनवणाऱ्याने याच्या पलीकडे जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

तारेवरची कसरत
पहिल्या अर्ध्याशी सहमत, दुसऱ्याशी सपशेल असहमत. १७६ व्होल्ट डीसी, तेही रोज पाणी शिंपडलं जातं त्या जागी, आणि जोडणारा माणूस कोण? तर ज्याला तुम्हीच "नव्याने बनवणारा" म्हणताय! या पट्ट्यांचे टोकाचे जोड उघडेच असतात. वायर आत खुपसायची, झालं. पट्टीच्या तांब्यावर बोट पडायला कितीसा वेळ लागतो?

घरी बनवलेला दिवा ६० व्होल्ट डीसीच्या आत असावा. दोन-दोन पट्ट्या सीरिजमध्ये, अशा चार शाखा पॅरललमध्ये, म्हणजे शेजारी-शेजारी एकाच पुरवठ्यावर, करा. ४४ व्होल्ट, २.८ अ‍ॅम्पियर, वॉट तेच १२३. मीनवेल कंपनीचा एचएलजी-१५०एच-४८ए हा ४८ व्होल्ट, ३.२ अ‍ॅम्पियरचा ड्रायव्हर यासाठी मापात बसतो. 'ए' प्रकारात व्होल्टेज आणि करंट दोन्ही आतल्या छोट्या स्क्रूने कमीजास्त करता येतात. मोजायचं मीटर सीरिजमध्ये लावायचं आणि करंट २.८ वर आणून सोडायचा.

मल्टिमीटर
आणि चारपैकी एक शाखा सुटली की? तुमचा ड्रायव्हर २.८ ढकलतच राहणार. तीन शाखांना प्रत्येकी ०.९३. दोन सुटल्या तर १.४, म्हणजे पट्टीची कमाल मर्यादा. तीन सुटल्या तर उरलेल्या एकीतून २.८. धूर!

शिवाय शाखांमध्ये करंट समान वाटला जातो हे गृहीतक आहे. दोन पट्ट्यांचं व्होल्टेज तंतोतंत सारखं कधीच नसतं. जिचं कमी तिच्यातून करंट जास्त, ती जास्त तापणार, तिचं व्होल्टेज आणखी उतरणार. हे मी वर सांगितलेलंच रडगाणं, फक्त आता ड्रायव्हरऐवजी शेजारची शाखा पुरवठा करतेय.

तारेवरची कसरत
हे कागदावर भयंकर दिसतं. एकाच कंपनीच्या, एकाच खेपेतल्या पट्ट्या एकाच अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवल्या की सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं राहतं आणि फरक किरकोळ उरतो. क्लॅम्प मीटर (तार न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावून प्रत्येक शाखा मोजा, मग बोला.

आणि शाखा सुटण्याबद्दल: 'ए' प्रकारात व्होल्टेजचाही स्क्रू आहे तो शोभेला नाही. एका शाखेला १.४ अ‍ॅम्पियर घ्यायला ४६ व्होल्ट लागतील. मी व्होल्टेजचं छत ४५ वर बांधतो. मग बाकीच्या शाखा सुटल्या तरी ड्रायव्हर ४५ च्या वर चढू शकत नाही आणि उरलेल्या शाखेत २.८ घुसत नाहीत.

मल्टिमीटर
४५ कधी बांधता, दिवा गार असताना की गरम? तापल्यावर पट्टीमागे साधारण अर्धा व्होल्ट उतरतो, म्हणजे दोन पट्ट्यांच्या शाखेमागे एक. गार दिव्यावर ४५ सुरक्षित वाटतात, तासाभराने तेच ४५ म्हणजे गार दिव्याचे ४६.

तारेवरची कसरत
गरम असतानाच. तासभर पेटवून, पत्रा स्थिरावल्यावर. गरम शाखेला २.८ च्या वाटणीत ४३ च्या आसपास पुरतात, म्हणून मग छत ४४ पुरे. मुद्दा रास्त आहे, पण तो स्क्रू कधी फिरवायचा याचा मुद्दा आहे, पॅरलल करू नये याचा नाही.

शंकासुर
मध्येच विचारतो. मीनवेलचाच एचएलजी-२४०एच-सी१४०० हा १४०० मिलिअ‍ॅम्पियरचा ड्रायव्हर आहे, ८९ ते १७९ व्होल्टचा. यावर या आठ पट्ट्या एका सीरिजमध्ये चालतील? वॉटमध्ये तर बसतंय असं वाटतं.

मल्टिमीटर
नाही चालणार, आणि उदाहरण मस्त दिलंत. तुम्ही ७०० चं व्होल्टेज धरून हिशेब केलात: आठ गुणिले २२, १७६, बसलं. पण हा ड्रायव्हर १४०० ढकलणार आणि १४०० ला पट्टी २३ मागते. १८४ होतात. गार असताना सुरू करताना त्याहून थोडे जास्तच. सात लावल्या तर १६१, आरामात बसतात, पण पट्ट्या कमाल करंटवर चालतील. तिथे मोठा हीटसिंक (उष्णता शोषून घेणारा धातूचा तुकडा) हवा आणि वॉटमागे प्रकाशही कमी मिळतो.

उलट टोकही लक्षात ठेवा. तीनच पट्ट्या लावल्या तर ६९ व्होल्ट, पल्ल्याच्या खाली. ड्रायव्हर चालू-बंद होत लुकलुकत बसेल आणि तुम्ही पट्टी खराब म्हणून परत करायला जाल.

डेटाशीटवरचा ठळक आकडा घेऊ नका. त्यातला करंट-व्होल्टेजचा आलेख उघडा आणि तुम्ही जो करंट देणार आहात त्या रेघेवरचं व्होल्टेज वाचा. इतकं केलं तरी निम्मे घोळ मिटतात.

हिरवळ
तुमचं दोघांचं चालू द्या, पण एक तिसरी बाजू. लेट्यूससारख्या पालेभाज्यांना आणि रोपवाटिकेला २०० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद एवढ्या प्रकाशात सोळा तास ठेवलं की दिवसाचे साडेअकरा मोल (मोल हे इथे प्रकाशकण मोजायचं एकक) होतात, चांगली पानं धरतात. त्यासाठी रेझिस्टरवाली २४ व्होल्टची लवचिक पट्टी आणि साधा कॉन्स्टंट व्होल्टेज पुरवठा पुरतो. मीटरला १४.४ वॉट, पाच मीटरची गुंडाळी ७२ वॉट, ३ अ‍ॅम्पियर. वीस-पंचवीस टक्के मोकळीक ठेवून १०० वॉटचा पुरवठा घ्यायचा. इथे वॉट जुळवणं अगदी बरोबर आहे, कारण करंट रेझिस्टर सांभाळतो. शॉक नाही, स्क्रू नाही, आलेख नाही. माणसाला रोपं लावायची असतात हो, डिप्लोमा नाही करायचा.

तारेवरची कसरत
@हिरवळ, २४ व्होल्ट म्हणालात हे बरं केलंत. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडींमागे एक रेझिस्टर असतो. एलईडी नऊ व्होल्ट घेतात, उरलेले तीन रेझिस्टर तापवण्यात जातात. पाव वीज तिथेच गेली. २४ मध्ये सहा-सात एलईडींची साखळी असते. सातची असेल तर तेवढेच तीन व्होल्ट पण २४ मधले, म्हणजे आठवा हिस्सा. आणि पाच मीटरच्या गुंडाळीला एकाच टोकाने वीज दिली की दुसरं टोक मंद पडतं, म्हणून दोन्ही टोकांना वायर न्यायची. इतकं सांभाळलं तर पानांपुरतं चालेल. टोमॅटो-मिरचीला फळं धरायची असतील तर याच्या दुपटी-तिपटीचा प्रकाश लागतो, तिथे या पट्ट्यांचं गणित कोलमडतं.

हिरवळ
फळांचं मी कुठे म्हटलं? :)

मल्टिमीटर
हिरवळ यांचा मुद्दा पानांपुरता मान्य. फक्त लवचिक पट्टी नुसत्या लाकडाला चिकटवू नका, अ‍ॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये बसवा. नाहीतर गोंदही सुटतो आणि प्रकाशही लवकर उतरतो.

कसरत, तुमच्या १७६ व्होल्टच्या भीतीला माझं उत्तर: धातूची चौकट अर्थ केलेली, जोड बंद डब्यात, पट्ट्यांवर पॉलिकार्बोनेटचं झाकण आणि ड्रायव्हर पाण्याच्या रेषेच्या वर. एवढं करणाऱ्याला सीरिज बिनधास्त. न करणाऱ्याने ४४ व्होल्टलाही हात लावू नये, कारण ड्रायव्हरच्या दुसऱ्या बाजूला मेन्सची वीज असतेच.

तारेवरची कसरत
अर्थिंग, डबा, झाकण हे सगळं मीही सांगतो. फरक इतकाच की माझ्या दिव्यात यातलं एक राहून गेलं तर झटका बसत नाही.

शंकासुर
मग पॅरललच्या प्रत्येक शाखेला १ अ‍ॅम्पियरचा फ्यूज टाकला तर भांडण मिटेल का?

मल्टिमीटर
एका शाखेचा फ्यूज उडाला की तिचा करंट बाकीच्यांवर पडणार. फ्यूज दीडपटीला लगेच उडतही नाही.

तारेवरची कसरत
न उडू दे. दोन शाखा उरल्या तर १.४, पट्टी ते सहन करते. एकच उरली आणि व्होल्टेजचं छत बांधलेलं नसेल तर २.८ ला तिचा फ्यूज जातो आणि दिवा विझतो. फ्यूज टाका, शंकासुर.

मल्टिमीटर
टाका. पण चार फ्यूज, चार होल्डर, दोन स्क्रू आणि तासभर गरम करणं, एवढं सगळं करूनही मी सीरिजच सुचवणार.