सफरचंदाच्या बिया (बी विंगच्या फ्रीजमध्ये)

अनघा, बी-२०३: नमस्कार मंडळी. दिवाळीत शिमल्याला होतो. होमस्टेच्या कुंपणाशी एका झाडाला बोराएवढी लाल सफरचंदं लगडली होती. क्रॅब ॲपल म्हणे. इतकी आंबट की चिंच परवडली. पाच-सहा फळं आणलीत. बिया सरळ गमल्यात टोचू का?

प्रसाद, ए-१०१: टोच ना ताई! इंदुरात सफरचंद. रविवारी पोह्यांवर शेव आणि वर सफरचंद 😄

सुधाकाकू, बी-३०१: आज नर्मदेचं पाणी किती वाजता?

भाऊकाका, सी-१०२: अनघा, सरळ गमल्यात टोचलंस तर नुसती माती बघत बसशील. हे डोंगरातलं झाड. बी शरद ऋतूत पडतं, लगेच रुजलं तर कोवळं रोप बर्फात मरेल. म्हणून ओल्या थंडीत दोन-तीन महिने काढल्याशिवाय ते जागंच होत नाही. आपल्याकडे तेवढी सलग थंडी कुठे? फ्रीजच लागेल.

अनघा: फ्रीझरमध्ये?

भाऊकाका: नाही गं, खाली, ४-५ अंशाला. आधी गर पुसून काढ, त्यानेही उगवण अडते. रात्रभर भिजव, मग ओलसर वाळूत किंवा कोकोपीटमध्ये मिसळून झिपच्या पिशवीत. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर थेंब पडता कामा नये. पंधरा दिवसांनी डोकावत जा. पांढरं मूळ दिसलं की त्याला गमल्यात हलव.

विद्या, बी-१०४: आणि पिशवीवर मोठ्या अक्षरात लिही. मी एकदा असंच काही ठेवलं होतं, सव्वा महिना झाला आणि आमच्या ह्यांनी "खराब झालंय" म्हणून कचरागाडीत. ओला कचरा, हिरव्या डब्यात, अगदी नियमाने!

प्रसाद: 😂 म्हणून तर स्वच्छतेत आपल्या इंदूरचा पहिला नंबर येतो

अनघा: काका, मग नोव्हेंबरात ठेवलं तर जानेवारीअखेर निघेल?

भाऊकाका: बरोबर. रोपाला फेब्रुवारी-मार्च मिळेल. खरी परीक्षा एप्रिलपासून. हिरवी जाळी बांध, दुपारचं ऊन नको. आणि बागेतली काळी माती भरू नकोस, पावसाळ्यात पाणी धरते आणि रोपं मान टाकतात. माती, वाळू, शेणखत.

मीनल, ए-३०२: फळ कधी येईल?

भाऊकाका: फळाचं विसर. फुलोऱ्याच्या डोळ्यांनाही थंडी हवी, दरवर्षी, शेकडो तास. डिसेंबरात आपल्याकडे रात्री काकडतो खरं, पण दुपारी स्वेटर काढावाच लागतो. पानं येतील, फुलांची खात्री मी देणार नाही. शिवाय बियांचं रोप आईवर जाईलच असं नाही. लंगड्याची कोय लावून लंगडाच येईल का?

प्रसाद: पण काका, गरम प्रदेशात सफरचंद पिकवतात ते व्हिडिओ?

भाऊकाका: ती एचआरएमएन-९९. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी काढलेली जात. त्यांना २०२५ साली पद्मश्री मिळाली. तिला थंडी कमी पुरते. पण ते कलम असतं. सफरचंद खायचं असेल तर ते आण. अनघाला उगवताना बघायचं आहे, ती मजा वेगळी.

अनघा: अगदी तेच काका.

भाऊकाका: होमस्टेवाल्याने हौसेने लावलं असेल असं समजू नकोस. हिमाचलच्या बागांत क्रॅब ॲपल मुद्दाम लावतात. बहुतेक सफरचंदांना दुसऱ्या जातीचे पराग लागतात, आणि हे भरभरून फुलतं.

सेक्रेटरी: कृपया कॉमन एरियात लावू नये. शेवग्याचा वाद अजून मिटलेला नाही.

विद्या: तो शेवगा लावला कोणी होता, तेही सांगा.

अनघा: बाल्कनीतच ठेवीन. तीसेक बिया निघाल्यात, दहा जगल्या तर प्रत्येक विंगला एक.

सुधाकाकू: फळं उरली असतील तर मला दे. आंबट आहेत तर मुरंबा छान आळेल.

अनघा: दोनच उरलीत काकू.

सुधाकाकू: दोन? बरं, चटणी करते. पाण्याचं कोणी सांगणार आहे का?