ऊन पडलं म्हणजे उतार सुरक्षित झाला असं नाही

एकाने विचारलंय की बर्फ पडून गेल्यावर दोन दिवस लख्ख ऊन असेल, तर गुलमर्गला अफरवाट डोंगराच्या गस्त नसलेल्या (म्हणजे सुरक्षा पथक तपासत नाही अशा) उतारांवर स्कीइंग करायला काय हरकत आहे? हरकत आहे. धोका बऱ्याचदा वरच्या ताज्या बर्फात नसतोच, तळाशी असतो. हंगामाच्या सुरुवातीचा पातळ थर निरभ्र, कडाक्याच्या रात्रींत भुसभुशीत होतो. साखरेसारखे सुटे दाणे, मुठीत दाबले तरी गोळा होत नाही. त्यावर जानेवारी-फेब्रुवारीचा जड बर्फ बसला की अख्खी लादी एका माणसाच्या वजनानेही सुटू शकते. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, म्हणजे तो तळाचा थर खचला, तर तिथूनच मागे फिरा, पुढे कुणाचे ट्रॅक दिसत असले तरी. ३० ते ४५ अंशांचे उतार सर्वांत वाईट. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्याच वरच्या भागात, खिलनमर्गला एक रशियन स्कीअर हिमस्खलनात गेला.

बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं नुसतं गाइडकडे असून भागत नाही, प्रत्येकाकडे हवं. गाडला गेलेला माणूस साधारण १५ मिनिटांत बाहेर निघाला तरच वाचायची चांगली आशा असते. निघण्याआधी डीजीआरईचा (डीआरडीओच्या हिमस्खलन अभ्यासणाऱ्या संस्थेचा) हिमस्खलनाचा इशारा जरूर बघा, पण तो मोठ्या भागासाठी असतो, तुमच्या समोरच्या उतारासाठी नाही.