क्रेप्स का रॉन्काय, कानाला वेगळे कसे ओळखता?

नवशिकी_नर्स:
नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. स्टेथो लावला की खरखर ऐकू येते पण मॅडमनी विचारलं हा फुफ्फुसातला आवाज क्रेप्स का रॉन्काय, की गोंधळ उडतो. व्हिडिओतले आवाज कसे स्वच्छ असतात, पेशंटच्या छातीत सगळं एकात एक मिसळलेलं. तुम्ही कशावरून ठरवता?

छातीचा_डॉक्टर:
आधी नाव शोधूच नका. आवाज तुटक आहे का सलग ते बघा. तुटक तडतड म्हणजे क्रेप्स. सलग सूर असेल आणि बारीक शिट्टीसारखा असेल तर व्हीझ, घोरल्यासारखा खालच्या पट्टीतला असेल तर रॉन्काय. मग पेशंटला खोकायला सांगा आणि त्याच जागी परत ऐका, ही पायरी बरेच जण गाळतात आणि निम्मा घोळ तिथेच होतो. रॉन्काय आणि जाडे क्रेप्स बहुतेक वेळा कफामुळे असतात, ते खोकल्यावर कमी होतात किंवा बदलतात. बारीक क्रेप्स तसेच राहतात, ते श्वास आत घेताना शेवटी शेवटी येतात कारण मिटलेल्या छोट्या श्वासनलिका तेव्हा फटकन उघडतात. कानाजवळ केसांची बट बोटांत धरून चोळून बघा, तसाच आवाज येतो.

वॉर्डसिस्टर:
कपड्यावरून ऐकू नका गं. छातीवर केस असतील तर स्टेथो घट्ट दाबून धर, नाहीतर केसांचीच तडतड क्रेप्स वाटते. तोंडाने खोल श्वास घ्यायला लाव आणि डावी-उजवी बाजू लगोलग ताडून बघ.
आणि एक मनापासून सांगते, दम्याच्या पेशंटची शिट्टी एकदम बंद झाली आणि तो अजून धापा टाकतोय, तर बरं वाटतंय असं समजू नकोस. हवाच आत-बाहेर होत नाहीये, लगेच डॉक्टरांना हाक मार. श्वास घेताना कर्कश आवाज येतोय आणि तो गळ्यावर जास्त मोठा आहे, म्हणजे स्ट्रायडर, वरचा श्वासमार्ग अरुंद झाल्याची खूण, तिथेही थांबायचं नाही.

नवशिकी_नर्स:
थँक्यू दोघांना! खोकायला सांगायचं खरंच कोणी शिकवलं नव्हतं. हार्ट फेल्युअरमध्ये पण बारीक क्रेप्स येतात ना, मग फायब्रोसिसपासून (फुफ्फुसं चट्टे पडून कडक होतात तो आजार) वेगळं कसं करायचं?

छातीचा_डॉक्टर:
नुसत्या कानाने अवघड आहे, दोन्हींत ते फुफ्फुसांच्या तळाशी, दोन्हीकडे मिळतात. पायाला सूज आहे का, मानेची शीर फुगलीय का, आडवं झाल्यावर दम वाढतो का हे बघा, हार्ट फेल्युअर असेल तर यातलं काहीतरी बहुतेकदा सापडतं.