स्टीलच्या जाळीचा ब्रेक होज (ब्रेक ऑइलचा लवचिक पाइप) घासतोय, काय करू?

जिप्सीला लिफ्ट केल्यावर (सस्पेन्शन उंच केल्यावर) पुढे स्टील ब्रेडेड, म्हणजे जाळीवाले होज टाकले, गाडीला एबीएस नाही म्हणून त्याची चाकाकडची वायर वाचली, पण होज घासून महिन्याभरातच शॉकअपचा रंग पार गेला आणि पत्रा चकाकतोय.

> ती जाळी म्हणजे कानसच रे, रबर होज स्वतः झिजतो, हा समोरच्याला खातो आणि मधे धूळ गेली की अजूनच. पीव्हीसी कोटिंगवाले घ्यायचे होते. आता जुना फ्यूएल पाइप उभा चिरून वर चढव, वर झिपटाय.

> झिपटाय तुटतात, रबरवाला पी-क्लिप (P आकाराचा, बोल्टने बसणारा पट्टीचा क्लॅम्प) लाव. आधी स्टिअरिंग दोन्हीकडे फुल वळवून, चाक लटकवून बघ, होज ताणला नाही पाहिजे.

> स्टिअरिंग वळवल्यावरच होज टेकतोय! क्लिप आणतो.