मदत हवी आहे: केशरी फुलपाखरू, पण बिबळ्या कडवा नाही (जरा तातडीचं)

माळावरचा
काल एक फुलपाखरू दिसलं. केशरी, पुढच्या पंखाचं टोक काळं, त्यात पांढरा पट्टा. बिबळ्या कडवा मी रोज बघतो, हा तो नव्हे. फोटो इथे चढत नाहीये (ती साइझची मर्यादा काढा की राव कुणीतरी). बिग बटरफ्लाय मंथ या फुलपाखरांच्या नोंदमोहिमेसाठी आज रात्रीच नोंद टाकायची आहे, त्यामुळे जाणकारांनी लवकर सांगावं.

सह्यभटक्या
कुठे दिसलं? किती वाजता? जिल्हा तरी लिहा. वर्णन तर शंभर टक्के बिबळ्याचं आहे.

माळावरचा
फलटणकडचा माळ. सकाळी. जागेचा काय संबंध? त्याला उडता येतं.

पानोपानी
संबंध असतो दादा. आंबोलीच्या जंगलातली कितीतरी नावं फलटणला विचारातच घ्यावी लागत नाहीत. मागचा पंख नीट दिसला का? बिबळ्या कडव्याच्या मागच्या पंखावर मधोमध काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार (चौथा गंधाचा). छोटा चांदवा, म्हणजे डॅनेड एगफ्लाय, त्याची मादी हुबेहूब तशीच दिसते, पण मधला भाग स्वच्छ केशरी आणि वरच्या कडेला एकच काळा ठिपका.

काचेपलीकडे
मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून ओळख पटवणं म्हणजे अंधारात तीर. ९० किंवा १०० एमएमची मॅक्रो लेन्स घ्या, सेकंडहँड मिळते. मी घेतली आणि सगळे प्रश्न मिटले.

माळावरचा
लेन्स नकोय, नाव हवंय. ठिपका एक दिसतोय, पण पंख अर्धवट मिटलेले आहेत.

सह्यभटक्या
मग बाकीचे झाकले गेले असतील. अ‍ॅपमध्ये टाकून बघा.

माळावरचा
टाकलं. ते 'प्लेन टायगर', म्हणजे बिबळ्याच म्हणतंय. म्हणून तर इथे आलो.

पानोपानी
एवढ्या सारख्या जोडीत अर्धवट फोटोवर अ‍ॅप हमखास गोंधळतं. कारण ती नक्कलच आहे. बिबळ्याच्या अळ्या रुईवर वाढतात आणि त्या चिकातलं विष फुलपाखरात उतरतं. पक्षी एकदा चोच मारून शहाणे होतात. छोट्या चांदव्याची मादी विषारी नाही, नुसतं सोंग घेते. नर मात्र वेगळाच: काळा, त्यावर पांढरे मोठे डाग आणि डागांच्या कडेला जांभळी झाक. आसपास असा एखादा होता का?

रानवाट
पाय मोजा. चार असतील तर निम्फॅलिडी कुळातलं.

पानोपानी
दोन्ही निम्फॅलिडीच आहेत, पुढचे पाय दोघांचेही आखूड. मोजून हाती काय येणार?

रानवाट
माहिती म्हणून सांगितलं. इतकं चिडायला नको, ताई.

कोकणी काका
आमच्याकडे दिव्यावर वीतभर पंखांचं तपकिरी काहीतरी येऊन बसलं होतं, पंखांवर काचेसारख्या खिडक्या. कोणतं फुलपाखरू हे?

रानवाट
काका, तो अ‍ॅटलास पतंग. वेगळा धागा काढा.

माळावरचा
काळा नर नाही बघितला. हे सारखं जमिनीलगत फिरत होतं, शेताच्या बांधाला घोळीवर टेकायचं, पोट वाकवायचं, परत उडायचं. फुलावर बसेना, म्हणूनच धड फोटो मिळाला नाही.

पानोपानी
अहो! ती अंडी घालत होती. हे पहिल्याच प्रतिसादात का नाही आलं? घोळ हे छोट्या चांदव्याचं अन्नझाड आहे. बिबळ्याची मादी अंडी घालायला रुईसारख्या चिकाच्या झाडांवर जाते, घोळीवर नाही. कडेचा एक ठिपका आणि घोळ, एवढं मला पुरे.

सह्यभटक्या
मी अजून साठ-चाळीसच धरतो. अंडी पाहिली का कुणी? शिवाय छोटा चांदवा दुर्मीळ वगैरे नाही, पावसाळ्यानंतर बराच दिसतो.

रानवाट
दुर्मीळ नाही कसा? १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत होता.

सह्यभटक्या
अनुसूचीत नाव असणं आणि रानात कमी दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मादी बिबळ्या म्हणूनच मोजली जाते, म्हणून आकडा कमी दिसतो.

माळावरचा
ते वाद नंतर घाला. नोंदीत काय लिहू? आणि अंडी घरी आणून वाढवली तर खात्री होईल ना?

पानोपानी
आणू नका, कायद्याची उगाच भानगड नको. उद्या सकाळी जाऊन घोळीच्या पानांचा उलटसुलट फोटो काढा. नोंदीत छोटा चांदवा, मादी असं लिहा आणि घोळीवर टेकत होती हे टिपणीत हमखास टाका, तपासणाऱ्याला तेच उपयोगी पडेल. आणि बांध ज्यांचा आहे त्यांना सांगा, चार दिवस तिथली घोळ उपटू नका.

माळावरचा
बांध आमचाच आहे. आई उद्या भाजीला घोळ काढणार होती, थांबवतो.

कोकणी काका
घोळीत तुम्ही मुगाची डाळ घालता की हरभऱ्याची?