पावसातला वीकेंड समुद्रावर, नऊ स्वयंसेवक शिक्षक: तयारी कशी करावी?

खडूफळा:
परदेशात वर्षभर स्वयंसेवक म्हणून शिकवायला आलेले आम्ही नऊ जण आहोत, निरनिराळ्या देशांतले. शुक्रवारी शाळा सुटली की तीन तासांवरच्या किनाऱ्यावर जायचं आणि रविवारी परतायचं असं ठरलंय. दोन खोल्या घेतल्या आहेत, पुढे वाळूचं अंगण आहे. तिन्ही दिवस पावसाचा अंदाज आहे, अधूनमधून गडगडाटही. तिघांना पोहता येत नाही. सोमवारी सकाळी सगळ्यांनाच वर्ग आहेत. पाण्यात उतरावं का? अंगणात ताडपत्री कशी बांधावी? आणि नऊ जणांचे ओले कपडे दोन खोल्यांत वाळवायचे कसे?

उधाणभरती:
पावसाला घाबरू नका, पण समुद्राकडे नीट बघा. लांबच्या वादळाच्या लाटा तुमच्या किनाऱ्यावर ऊन पडलेलं असतानाही येऊन पोचतात, त्यामुळे पाऊस थांबला म्हणजे समुद्र शांत झाला असं समजू नका.

सगळ्यात जास्त धोका रिप करंटचा, म्हणजे किनाऱ्यावर आलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून परत आत ओढलं जातं त्याचा. पोचल्यावर जरा उंच जागेवरून १० मिनिटं पाण्याकडे बघत राहा. दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत, पांढरा फेस आहे आणि मध्ये एक पट्टा गडद, सपाट, शांत दिसतोय; त्यातून फेस, शेवाळ, गढूळ वाळू आत चाललीय, तर तोच रिप. नवख्या माणसाला नेमकी तीच जागा उतरायला सोपी वाटते. हा प्रवाह पाण्याखाली ओढत नाही, आत नेतो. माणूस दमतो तो किनाऱ्याच्या दिशेने प्रवाहाविरुद्ध पोहून. त्यात सापडलात तर पाठीवर तरंगा, हात वर करून मदत मागा. पट्टीचे पोहणारे असाल तर किनाऱ्याला समांतर पोहत जिथे लाटा फुटतायत तिथे या आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडा. मित्राला वाचवायला रिकाम्या हाताने आत उडी मारू नका. तरंगणारं काहीतरी फेका, रिकामा झाकणबंद कॅनसुद्धा चालतो, आणि जीवरक्षकाला हाक मारा.

जीवरक्षक नसेल तर कुणीच गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नये, हे निघण्याआधीच ठरवा. किनाऱ्यावर उभं राहून हा वाद घातला की उत्साही माणूस जिंकतो. लाल-पिवळे झेंडे बहुतेक देशांत जीवरक्षकाची नजर असलेला भाग दाखवतात, पण स्थानिक अर्थ पाटीवर वाचून घ्या. लाल झेंडा असेल तर विषय संपला.

जोरदार पाऊस झाला की नाले आणि सांडपाणी समुद्रात येतं. मोकळ्या किनाऱ्यावर निदान एक दिवस, खाडीच्या किंवा नाल्याच्या तोंडाशी तीन दिवस पाण्यात उतरू नका. अंगावर उघडी जखम असेल तर त्या गढूळ पाण्यात पायसुद्धा घालू नका.

भरतीचं वेळापत्रक आधी उतरवून घ्या. बहुतेक किनाऱ्यांवर भरती ते ओहोटी सुमारे सव्वासहा तास लागतात आणि वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. सगळ्यात जोरात पाणी चढतं ते मधल्या दोन तासांत. खडकाच्या टोकाला वळसा घालून फिरायला जाणारे तिथेच अडकतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येतं.

सुतळीचा गुंडा:
नऊ जणांना ४ × ५ मीटरची ताडपत्री पुरते. मधला आडवा दोर २.२ मीटर उंचीवर दोन खांबांत ताणून बांधा आणि दोन्ही कडा त्याच्यापेक्षा ८० ते ९० सेंटीमीटर खाली घ्या. हा उतार कमी पडला की मध्ये पोट येतं. एक चौरस मीटरवर १० सेंटीमीटर पाणी साचलं तर ते १०० किलो होतं. दोर तुटतो नाहीतर ताडपत्रीच्या दोर ओवायच्या कड्या उपटतात. वाऱ्याच्या बाजूची कड आणखी खाली घ्या.

वाळूत साधी खुंटी टिकत नाही. दोराला हातभर लाकूड मधोमध बांधा, ४० ते ५० सेंटीमीटर खोल चरात दोराला आडवं ठेवून पुरा आणि वरची वाळू पायाने चांगली दाबा. कडी फाटली तर गुळगुळीत गोटा ताडपत्रीत गुंडाळून त्याच्या मानेला दोर आवळा. नायलॉनचा दोर भिजला की सैल पडतो, तासाभराने पुन्हा ताणा. खांबापासून वीतभर आत, ताडपत्रीबाहेरच्या दोरावर सुतळीचा तुकडा लोंबता बांधा. दोरावरून ओघळणारं पाणी तिथेच ठिबकतं.

कपड्यांचं: आधी ओला कपडा कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्ही मिळून गुंडाळी करून पिळा. अर्धं काम तिथेच होतं. दोन पदरी पिळाचा दोर घेतलात तर चिमटे लागत नाहीत, कपड्याचं टोक पिळात खोचायचं. पंखा थेट कपड्यांवर सोडा आणि समोरासमोरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवा, नाहीतर तीच दमट हवा फिरत राहते. जीन्स आणू नका. बुटांतले तळवे काढून आत वर्तमानपत्र कोंबा, दर दोन तासांनी बदला. खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅसचा स्टोव्ह पेटवून कपडे वाळवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. प्रत्येकाचा झोपायचा एक जोड पिशवीत बांधून वेगळा ठेवा. तो कितीही मोह झाला तरी बाहेर घालायचा नाही.

खडूफळा:
खूप उपयोगी. वीज चमकायला लागली तर ताडपत्रीखाली थांबलेलं चालेल का? नाहीतर किनाऱ्यावरच्या उघड्या शेडमध्ये?

उधाणभरती:
दोन्ही नको. चारी बाजूंनी भिंती असलेली इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी, एवढंच सुरक्षित. गडगडाट ऐकू आला की लगेच आत जा. चमक आणि आवाज यांतले सेकंद मोजून तीनाने भागलेत की अंतर किलोमीटरमध्ये कळतं, पण आकडा मोठा आला म्हणून बाहेर थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं आतच राहा. तेवढा वेळ अंघोळ आणि भांडी घासणं टाळा, वायरच्या फोनला हात लावू नका.

वहीपेन:
परतीबद्दल कुणी बोललं नाही, आणि नऊ वर्ग एकदम रिकामे राहणं हे त्या मुलांच्या दृष्टीने वाईट आहे. रविवारी संध्याकाळी नको, सकाळीच निघा. वाटेत सखल पूल कुठले आणि पर्यायी रस्ता कुठला हे चालकाला शुक्रवारीच विचारा. वाहत्या पाण्यात गाडी घालू देऊ नका: १५ सेंटीमीटर वेगवान पाणी उभ्या माणसाला पाडतं, ३० सेंटीमीटर छोटी गाडी ढकलतं, ६० सेंटीमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. सोमवारच्या पहिल्या दोन तासिकांचा पाठ, फळ्यावर काय लिहायचं यासकट, शुक्रवारी स्थानिक सहशिक्षकाच्या हातात द्या. शिकवायच्या भागाऐवजी उजळणी आणि गटातले खेळ ठेवलेत तर त्यांनाही सोपं पडतं.

निघण्याआधी विम्याची अटी-पत्रिका वाचा. नेमणुकीच्या गावाबाहेरचे अपघात आणि पाण्यातले खेळ त्यात धरलेत का बघा. पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती, रक्तगट आणि औषधांची यादी झिपच्या पिशवीत घालून दोघांकडे ठेवा. जुलाबासाठी एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मीठ अंदाजाने नाही. मोबाइल खाऱ्या पाण्यात पडला तर बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि तांदळात पुरू नका, त्याची पूड खाचेत जाऊन बसते.

चार्ट पेपर आणि वह्या मुळी नेऊच नका.